फेडर खाली ओढला म्हणजे आवाज लांब जात नाही

माझं काम साउंडचं. माहितीपटांच्या लोकेशनवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, धरायचा, लोकांच्या कॉलरला माईक लावायचे आणि नंतर एखाद्या अंधाऱ्या स्टुडिओत बसून मिक्स करायचं. या धंद्यात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "तो मागचा आवाज जरा लांब कर ना." असं सांगणाऱ्या दिग्दर्शकाला वाटत असतं की मी एक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, खाली ओढणार आणि झालं. फेडर खाली ओढला की आवाज बारीक होतो, लांब जात नाही. कानाशी कुजबुजणारा माणूस आणि मैदानापलीकडून ओरडणारा माणूस, दोघांची मीटरवरची पातळी एकच दिसू शकते, तरी कोण कुठे उभा आहे हे कान लगेच ओळखतो. लांबून येताना आवाजाची वरची धार हवा खाऊन टाकते. शब्दांतली व्यंजनं झडतात आणि स्वर तेवढे पोहोचतात. ठोक्याची कड बोथट होते. थेट आलेल्या आवाजापेक्षा भिंतींवर आपटून आलेला जास्त ऐकू येतो. वारा फिरला तर मधली अर्धी ओळच गायब.

नेमकं हेच १९२९ साली छापून ठेवणारा एक अमेरिकन संगीतकार होता, चार्ल्स आइव्ह्ज. त्याच्या चौथ्या सिंफनीचा दुसरा भाग संगीतकार हेन्री कॉवेलच्या 'न्यू म्युझिक' या नियतकालिकात छापला गेला, आणि सोबत आइव्ह्जने कंडक्टरसाठी लांबलचक टीप लिहिली. त्यात तो म्हणतो की वाद्यं कमी करून किंवा हळू वाजवून अंतराचा भास पुरता येत नाही. रस्त्याच्या पलीकडे हळू वाजणारा ब्रास बँड आणि तीच चीज जोरात वाजवत एक गल्ली सोडून उभा असलेला तोच बँड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. माझं रोजचं भांडण या माणसाने माईकवाल्यांचा धंदा बाळसं धरत होता तेव्हाच लिहून ठेवलं होतं. त्यानंतर त्याचं ऑर्केस्ट्राचं संगीत मी याच कानाने ऐकत गेले. आइव्ह्जबद्दल सहसा बोललं जातं ते त्याच्या बेसूरपणाबद्दल आणि एकावर एक चढवलेल्या लयींबद्दल. मला विचाराल तर तो आधी अंतराचा संगीतकार आहे. सूर कोणता, इतकंच तो सूर कुठून येतोय हेही त्याच्या रचनेचा भाग असतं.

जन्म १८७४ चा, कनेक्टिकटमधल्या डॅनबरी गावात. वडील जॉर्ज आइव्ह्ज अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने बँडमास्टर होते. पुढे गावात बँड चालवता चालवता नाना प्रयोग करायचे. पोरांना एका पट्टीत गायला लावून स्वतः दुसऱ्याच पट्टीत साथ करायची. दोन बँड दोन दिशांनी वेगवेगळी गाणी वाजवत आणून ते एकमेकांजवळून गेले की काय होतं ते ऐकायचं. त्या टिपेत आइव्ह्जने लहानपणची एक आठवण दिली आहे. गावच्या चौकात मुख्य मंडळी मधल्या मंडपात बसून मूळ चाल वाजवत, बाकीचे आजूबाजूच्या घरांच्या गच्च्यांवरून आणि व्हरांड्यांतून तिच्यावरचे फेरफार वाजवत. श्रोता कुठे उभा राहिला त्यावर त्याचं गाणं ठरणार. सराउंड साउंड म्हणून हल्ली आम्ही जे विकतो, ते.

येलमध्ये त्याने होरेशो पार्करकडे रीतसर शिक्षण घेतलं, आणि १८९८ मध्ये पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत नोकरी धरली. पुढे ज्युलियन मिरिकबरोबर स्वतःची एजन्सी काढली आणि ती देशातल्या सर्वांत मोठ्या एजन्सींपैकी एक झाली. एजंटांना शिकवण्यासाठी त्याने लिहिलेली पुस्तिका विम्याच्या धंद्यात बरीच गाजली. संगीत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. वाजवणारं कोणी नाही, तेव्हा पानं ट्रंकेत. त्याच्या आयुष्याचा हा भाग सगळेच सांगतात, म्हणून मी इथेच थांबते.

आता रूम टोनबद्दल. लोकेशनवरचं शूट आटोपलं की मी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करते आणि 'काहीच नसलेला' आवाज रेकॉर्ड करते. पंखा, लांबची वाहतूक, भिंतींची हलकीशी घुमी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधल्या फटी याच आवाजाने बुजवायच्या असतात, नाहीतर शांतता भोक पडल्यासारखी ऐकू येते. युनिटमधल्या लोकांना या अर्ध्या मिनिटाचा मनस्वी कंटाळा. कोणीतरी खोकतंच.

'सेंट्रल पार्क इन द डार्क' (१९०६) ही रचना मला रूम टोनवर उभारलेली वाटते. तंतुवाद्यं दहा बार (मात्रांचे ठरावीक गट) लांबीचं एक वर्तुळ अगदी हळू, अगदी संथ फिरवत राहतात. त्याला चाल म्हणावं असं काही नाही, नुसता अंधार. आइव्ह्जने लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, मोटारगाड्या आणि रेडिओ यांनी हवा ताब्यात घेण्याच्या आधीच्या काळात, उन्हाळ्यातल्या गरम रात्री बागेतल्या बाकावर बसलेल्या माणसाला जे ऐकू येई ते हे आहे. मग त्या अंधारात एकेक गोष्ट शिरते. तळ्यापलीकडच्या कॅसिनोतलं संगीत, घरी परतणाऱ्या रात्रभटक्यांची शीळ, उंचावरून जाणारी रेल्वे, पेपरवाली पोरं, शेजारच्या इमारतीत पियानोलांची, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोंची, एकमेकांवर कुरघोडी करणारी रॅगटाइम. 'हॅलो! मा बेबी' हे तेव्हाचं चलतीतलं गाणं त्यातून ओळखू येतं. बाकी सगळे वेग घेतात, चढत जातात, शेवटी बग्गीचा घोडा उधळतो आणि पार कल्ला होतो. आणि एका क्षणात सगळं तुटतं.

तिथे ऐकायचं ते असं. कल्ला तुटल्यावर तंतुवाद्यं पुन्हा सुरू होत नाहीत. ती चालूच होती. गोंगाट सुरू असताना त्यांनी लय बदलली नाही, आवाज वाढवला नाही, कोणाकडे वळून पाहिलं नाही. आपल्याला ती ऐकू येत नव्हती एवढंच. मिक्सिंगमध्ये वरचा ट्रॅक म्यूट केला की खालचा उघडा पडतो, हा अनुभव मी रोज घेते. पण १९०६ मध्ये टेप नाही, ट्रॅक नाहीत, आणि हा माणूस पेन्सिलने ट्रॅक रचत होता.

'द अनॲन्सर्ड क्वेश्चन' (१९०८) त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना, आणि तिच्यातही बांधणी हीच. तंतुवाद्यं जमल्यास रंगमंचाच्या बाहेर बसवावीत अशी सूचना आहे. ती शेवटपर्यंत अतिमंद आवाजात जी मेजरचे सूर लांबवत राहतात. ट्रंपेट एकच प्रश्न सात वेळा विचारतो. चार बासऱ्या सहा वेळा उत्तर द्यायचा प्रयत्न करतात, दरवेळी अधिक वैतागून. सातव्या प्रश्नाला उत्तर नाही. ही रचना ध्यानधारणेच्या प्लेलिस्टमध्ये घालणाऱ्यांना त्या बासऱ्यांचा शेवटचा आक्रस्ताळेपणा ऐकू येत नाही का, हा मला पडलेला साधा प्रश्न. आणखी एक तक्रार रेकॉर्डिंगवाल्यांबद्दल. तंतुवाद्यं इतकी गोड आणि जवळ घेतात की गाद्यागिरद्यांवर बसल्यासारखं वाटतं. ती पलीकडच्या खोलीत हवीत. दार अर्धवट लोटलेलं.

या दोन्ही रचना पहिल्यांदा रीतसर वाजल्या त्या ११ मे १९४६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात. म्हणजे लिहिल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी.

'थ्री प्लेसेस इन न्यू इंग्लंड' माझी सर्वांत आवडती. पहिला भाग बॉस्टन कॉमनवरच्या सेंट गॉडन्सच्या शिल्पावर आहे. यादवी युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं आणि तिच्या कर्नल रॉबर्ट गुल्ड शॉचं ते स्मारक. संगीत जडशीळ पावलांनी चालतं, ओळखीची युद्धगीतं अर्धीमुर्धी कानावर येतात. दुसऱ्या भागात रेडिंग गावाजवळच्या जुन्या सैनिकी तळावर चार जुलैची सहल आहे आणि दोन बँड वेगवेगळ्या लयींत एकमेकांवर आदळतात. १० जानेवारी १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये निकोलस स्लोनिम्स्कीने हे पहिल्यांदा केलं. हा स्लोनिम्स्की दोन हातांनी दोन वेगळ्या लयी दाखवण्याबद्दल प्रसिद्ध झाला. त्याचे कार्यक्रम पुढे पॅरिसपर्यंत गेले, त्यांचा खर्च आइव्ह्जच्या विम्याच्या पैशातून निघाला.

पण सोनं आहे ते तिसऱ्या भागात. 'द हूसाटोनिक ॲट स्टॉकब्रिज'. १९०८ मध्ये लग्नानंतर थोड्याच दिवसांनी आइव्ह्ज आणि त्याची बायको हार्मनी रविवारी सकाळी नदीकाठी फिरायला गेले होते. पाण्यावर धुकं, आणि पलीकडच्या काठावरच्या चर्चमधून प्रार्थनागीत ऐकू येत होतं. प्रसंग इतकाच. तो आइव्ह्जने कसा लिहिला ते बघा. व्हायोलिनं अनेक गटांत विभागली, म्यूट लावून, प्रत्येक गटाला वेगळी लय दिली. त्यामुळे कुठलाच सूर दुसऱ्याबरोबर ठोक्यावर पडत नाही. ठोक्याची कड बोथट होते म्हणाले ना मी वर, ती अशी बोथट केली आहे. त्या सरकत्या धुक्याखालून हॉर्नमध्ये प्रार्थनेची चाल येते, पण अखंड येत नाही. एखादा तुकडा नीट, मग काहीतरी निसटतं, मग पुढचा तुकडा. आइव्ह्ज जुन्या चाली उसन्या घेतो, त्यांची मोडतोड करतो, असं सगळे समीक्षक लिहितात. मला तर तो त्यांची मोडतोड करतो असं वाटतच नाही. नदीपलीकडचं गाणं जसं पोहोचतं तसं तो लिहितो. वाऱ्याने खाल्लेला भाग खाल्लेलाच ठेवतो.

शेवटाकडे नदी समुद्राकडे निघाल्यासारखी फुगते, सगळा ऑर्केस्ट्रा टिपेला जातो, कट, आणि खाली मंद तंतुवाद्यं शिल्लक. परत तेच! एकाच युक्तीवर इतक्यांदा फिदा व्हायचं नसतं, पण मी होते.

कमी वाजणारी आणि माझ्या मते सर्वांत हलवणारी रचना दुसऱ्या ऑर्केस्ट्रल सेटमधली आहे. तिचं नाव एखाद्या बातमीच्या मथळ्यासारखं लांब आहे: 'फ्रॉम हॅनोव्हर स्क्वेअर नॉर्थ, ॲट द एंड ऑफ अ ट्रॅजिक डे, द व्हॉइस ऑफ द पीपल अगेन अरोज'. ७ मे १९१५ ला जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवलं. बातमी न्यूयॉर्कला पोहोचली. संध्याकाळी कामावरून घरी जाताना आइव्ह्ज हॅनोव्हर स्क्वेअरच्या उन्नत रेल्वे फलाटावर उभा होता. खाली रस्त्यावर कोणीतरी हातऑर्गनवर 'इन द स्वीट बाय अँड बाय' वाजवत होतं. फलाटावरचा एक मजूर शीळ घालू लागला. दुसऱ्याने साथ दिली. मग कारकून, मग वॉल स्ट्रीटचा कोणी कडक कपड्यांतला बँकर, करता करता अख्खा फलाट गायला लागला. गाडी आली. लोक गात गात चढले, आणि नंतर डब्यातही फारसं कोणी बोलत नव्हतं.

रचना सुरू होते ती लांबून येणाऱ्या समूहस्वरांनी. मुख्य ऑर्केस्ट्रापासून वेगळा बसवलेला छोटा वाद्यमेळ आणि जुन्या लॅटिन प्रार्थनेचं पठण. मुख्य ऑर्केस्ट्रा त्याच्यावर गर्दीसारखा साचत जातो. प्रत्येक वाद्य आपापल्या तंद्रीत, कोणाचा कोणाशी संबंध नाही. बराच वेळ काही घडत नाही. मग तीच चाल आधी कुठेतरी एका कोपऱ्यात, अर्धवट, मग दुसऱ्या कोपऱ्यात, आणि अखेर ब्रासमध्ये पूर्ण उघडते. ती 'सुरू' कुठे झाली हे दाखवता येत नाही. जमावाचं गाणं असंच असतं. मी मोर्चे रेकॉर्ड केलेत. घोषणेला सुरुवात कुणी केली हे नंतर ट्रॅक उलटसुलट चालवूनही सापडत नाही.

या रचनेत मिक्स करणाऱ्याची परीक्षा आहे. तो लांबचा मेळ किती ऐकवायचा? वर घेतला तर तो खोलीत येऊन बसतो आणि फलाट कोसळतो. खाली ठेवला तर श्रोता म्हणतो, काही ऐकूच येत नाही. मी खाली ठेवेन.

चौथ्या सिंफनीबद्दल लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. ती पहिल्यांदा अख्खी वाजली तो दिवस २६ एप्रिल १९६५, कार्नेगी हॉल, ८३ वर्षांचा लिओपोल्ड स्टोकोव्हस्की आणि त्याच्या जोडीला आणखी दोन कंडक्टर, होसे सेरेब्रिएर आणि डेव्हिड कॅट्झ. आइव्ह्ज जाऊन जवळपास अकरा वर्षं झाली होती. पहिल्या भागात काही व्हायोलिनं आणि हार्प यांचा दूरचा गट आपल्याच नादात असतो. शेवटच्या भागात तालवाद्यांचा एक गट पहिल्यापासून अखेरपर्यंत स्वतःच्या लयीत चालत राहतो, बाकीच्यांचं काही का होईना. रूम टोन, यावेळी ढोल-झांजांचा. दुसरा भाग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला निव्वळ गोंधळ वाटेल आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. मधूनच सगळं थांबून मागे कुठेतरी पाव सुरांनी सरकलेली व्हायोलिनं उरतात, त्या जागा आधी पकडाव्यात. तिसरा भाग मात्र सरळ, सुरेल, चर्चमधला फ्यूग, म्हणजे एकच चाल एकामागून एक आवाजांनी उचलायची. इतका सभ्य की संशय यावा.

दुसरी सिंफनी तरुणपणची, त्यात अंतराचा खेळ फारसा नाही. १९५१ मध्ये कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनने ती न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर पहिल्यांदा सादर केली. आइव्ह्ज गेला नाही, नंतर रेडिओवर ऐकली. अखेरचा कॉर्ड त्याने बऱ्याच वर्षांनी बदलला होता. बारापैकी अकरा सूर एकदम, आणि लिहिलाय अगदी तोकडा. बर्नस्टाइन तो ताणतो. टाळ्या मिळतात, पण विनोद मरतो.

आइव्ह्ज मला माणूस म्हणून नेहमी आवडतो असं नाही. त्याचं लिखाण वाचताना दर काही पानांनी तो सुरेल, नाजूक संगीत आवडणाऱ्यांना 'बायकी' म्हणून झोडपतो. एका बाईने तंबोऱ्यापासून ट्रॅफिकपर्यंत सगळं ऐकण्यात आयुष्य घातल्यावर हे वाचायचं म्हणजे डोकं फिरतं. आणि गंमत म्हणजे हूसाटोनिकइतकं नाजूक काही त्याच्या शत्रूंनीही लिहिलं नसेल. दुसरा वाद तारखांचा. तरुण संगीतकार एलियट कार्टरने म्हातारपणाकडे झुकलेल्या आइव्ह्जला जुन्या पानांत नवे कर्कश सूर भरताना पाहिलं होतं. १९८७ मध्ये मेनार्ड सॉलोमन या अभ्यासकाने त्यावरून त्याच्या तारखांवरच प्रश्नचिन्ह लावलं. पुढे कागद आणि हस्ताक्षर तपासून संशोधकांनी बराचसा काळ जागेवर आणला. मला यात आइव्ह्जची फसवणूक दिसत नाही. मिक्स करणारा कोणीही सांगेल, फाइल उघडली की हात शिवशिवतात.

ज्यांना यातलं काही ऐकायचंय त्यांच्यासाठी: प्रश्न विचारणाऱ्या ट्रंपेटने सुरुवात करू नका, तो कुठे ना कुठे कानावर पडलेलाच असतो. कंडक्टर मायकेल टिल्सन थॉमसने बॉस्टन सिंफनीबरोबर १९७० मध्ये केलेलं 'थ्री प्लेसेस' घ्या. तिसऱ्या भागापासून सुरू केलंत तरी चालेल. मग सेंट्रल पार्क, मग हॅनोव्हर स्क्वेअर, आणि चौथी सिंफनी सवड असेल तेव्हा. हेडफोन नकोत. हेडफोनमध्ये सगळंच डोक्याच्या आत येतं आणि नदीचा पलीकडचा काठ उरत नाही. साधे दोन स्पीकर लावा, त्यांच्यापासून जरा मागे बसा. आवाज एकदा ठरवा आणि मधे हात लावू नका, मोठ्या भागात दचकायला झालं तरी.

पुढच्या वेळी चौथी सिंफनी, स्टोकोव्हस्कीचं रेकॉर्डिंग आणि सेरेब्रिएरने नंतर एकट्याने कंडक्ट केलेलं, शेजारी शेजारी ठेवून.